सिंग-यू तोंडात बसेपर्यंतचे अकरा महिने

६ मार्चला, शुक्रवारी, आमच्या ऑफिसच्या स्प्रिंग डिनरला, म्हणजे चिनी नवीन वर्षाच्या जेवणाला, मी माइक हातात घेऊन अडीच मिनिटं कँटोनीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या चिनी बोलीत, बोलले. अडीच मिनिटंच, पण त्याच्यामागे अकरा महिने आहेत, आणि ते लिहून ठेवतेय कारण मी स्वतः शोधत होते तेव्हा मराठीत सिंग-यूवर, म्हणजे बोलण्यात पेरायच्या चार अक्षरी चिनी म्हणींवर, काहीच मिळालं नाही. इंग्रजीत जे होतं ते एकतर भाजी घ्यायची वाक्यं, नाहीतर एकदम पंडितांसाठी लिहिलेलं. मधलं काहीच नाही.

आम्ही २०१६ ला सांगलीहून हाँगकाँगला आलो, तुंग चुंगला राहतो. ऑफिसचं काम इंग्रजीत चालतं. कँटोनीज मी शिकले ते बाजारात, लिफ्टमध्ये आणि मुख्य म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, शेजारच्या टेबलवरच्या सीनिअर ताईंकडून. ऑफिसात सगळे त्यांच्या नावापुढे ‘चे’ लावतात, म्हणजे आपल्याकडचं ताई किंवा अक्का, म्हणून इथे पण मी ताईच म्हणते. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की पुढच्या चिनी नवीन वर्षानंतर रिटायर होणार. आणि आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की निरोपाच्या जेवणात तू चार शब्द बोल, आठ वर्षं तू त्यांच्या शेजारी बसलीस, आणि जमलं तर कँटोनीजमध्ये बोल.

मी हो म्हटलं आणि घरी येऊन पहिली चूक केली. नेटवर यादी शोधून सात सिंग-यू उतरवून घेतले, एकामागे एक ओवले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याला वाचून दाखवले. तो चांगला मुलगा आहे, हसला नाही. म्हणाला की शब्द सगळे बरोबर आहेत पण असं वाटतं की राजदरबाराच्या सिरीयलमधला मंत्री बोलतोय, आणि मधली तुझी वाक्यं मात्र मासळीबाजारातली आहेत. तेव्हा कळलं की नेमकी अडचण कुठे आहे.

सिंग-यू म्हणजे काय ते आधी सांगते. चार अक्षरांची ठरलेली म्हण, बऱ्याच वेळा जुन्या ग्रंथातली, जुन्या चिनी भाषेच्या व्याकरणात गोठलेली. आजची बोली कँटोनीज आणि ती जुनी भाषा यात खूप अंतर आहे. बोलताना ‘नाही’ला म्हणतात ‘म्’, सिंग-यूमध्ये मात्र ‘पत्’ येतं. बोलीत ‘च्या’ला ‘के’, सिंग-यूमध्ये ‘ची’. तरी लोक रोजच्या बोलण्यात ते सहज वापरतात, उच्चार कँटोनीज पण भाषा जुनी. मराठी माणसाला हे समजायला खरंतर सोपं आहे, कारण आपण पण “विनाशकाले विपरीत बुद्धी” किंवा “अति सर्वत्र वर्जयेत्” बोलतो की, आणि तिथे संस्कृतचं व्याकरण जसंच्या तसं ठेवतो, वर्जयेत् चं ‘वर्ज्य कर’ करत नाही. आणि एकाच वाक्यात तीन संस्कृत वचनं कोणी टाकली तर आपल्याला पण तो माणूस कीर्तन करतोय असंच वाटतं ना. माझ्या पहिल्या भाषणाचं तेच झालं होतं.

मे महिना सगळा क्लास शोधण्यात गेला. अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांचे स्वस्त किंवा फुकट वर्ग आहेत, पण ते सुरुवातीच्या लोकांसाठी, दवाखाना-शाळा-बस इतकंच, आणि ते खूप उपयोगाचे आहेत, नवीन आला असाल तर तिथूनच सुरू करा. मला हवा होता तो वरच्या पातळीचा, औपचारिक बोलणं शिकवणारा. शेवटी एका संस्थेचा संध्याकाळचा कोर्स सापडला. २ जूनला ऑनलाइन फॉर्म भरला, त्यात आयडी कार्डची कॉपी आणि आधीच्या कोर्सचं सर्टिफिकेट मागितलं होतं. माझ्याकडे सर्टिफिकेट कुठलं, मी जेवणाच्या डब्यासमोर शिकलेली. मग ईमेल केला, आठ दिवसांनी उत्तर आलं की सर्टिफिकेट नसेल तर प्लेसमेंट टेस्ट द्या, फी नाही, पण पहिली मोकळी तारीख १२ जुलै. टीप म्हणून सांगते, टेस्टची तारीख फॉर्म भरतानाच मागून घ्या, माझा सव्वा महिना नुसता वाट बघण्यात गेला.

टेस्ट १५ मिनिटांची, सगळी तोंडी. घरातलं, ऑफिसातलं धडाधड बोलले. मग बाईंनी विचारलं की हाँगकाँगमध्ये घरांच्या किमती इतक्या का आहेत यावर तुमचं मत सांगा, तर मी अडकले, कारण मत मांडायची भाषा माझ्याकडे नव्हतीच. त्यांनी मला एक पातळी खाली टाकलं. वाईट वाटलं, आता कशाला लपवू. मग मी सरळ सांगितलं की मला मार्चमध्ये एका बाईंना निरोप द्यायचाय, आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. १८ ऑगस्टला ईमेल आला की सहा जण जमल्यामुळे वरचा वर्ग सुरू होतोय आणि तुम्हाला घेतोय, पण दोन आठवड्यांनी जमत नसेल तर खाली जावं लागेल. फी ४,६०० हाँगकाँग डॉलर, म्हणजे आपले साधारण बावन्न हजार रुपये, एकरकमी, परत मिळणार नाही. रात्री नवऱ्याशी बोलले, त्याने विचारलं की नाही केलंस तर चुटपुट लागेल का, मी म्हटलं हो, मग भरले.

९ सप्टेंबरपासून दर मंगळवारी संध्याकाळी दोन तास, असे बारा वर्ग. कागदावर बारा आठवडे, प्रत्यक्षात चौदा लागले. २३ सप्टेंबरला रागासा वादळाचा आठ नंबरचा सिग्नल दुपारीच लागला, वर्ग रद्द, दुसऱ्या दिवशी तर दहा नंबर, सगळ्यात वरचा. मग ७ ऑक्टोबरला मध्य-शरद सणाची सुट्टी. तेव्हा कोर्सच्या शेवटच्या तारखेला लागून तिकीटं काढू नका, आमच्यातल्या एकाला परीक्षेसाठी विमानाची तारीख बदलावी लागली.

आता वर्गात काय झालं ते, कारण सगळ्यात जास्त सांगण्यासारखं तेच आहे.

पहिल्याच दिवशी मी माझं सात सिंग-यूवालं भाषण सरांना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “म् होउ वा से थिम चुक्.” म्हणजे सापाचं चित्र काढून त्याला पाय जोडू नकोस. ही गोष्ट प्राचीन चीनमधल्या युद्धरत राज्यांच्या काळातली आहे, दारूचं एक भांडं आणि पिणारे बरेच, म्हणून पैज लागते की जो आधी साप काढेल त्याची दारू, एकाचं आधी होतं, पण वेळ उरला म्हणून तो सापाला पाय काढत बसतो आणि भांडं हातचं घालवतो. सरांनी मला दुरुस्त तर केलंच, पण त्याच वाक्यात शिकवलं पण: पुढे बोलीतलं ‘म् होउ’ म्हणजे ‘नको करूस’, आणि त्याला जोडून जुनी चार अक्षरं अजिबात न मोडता. असा सांधा जमला पाहिजे. त्या दिवशी त्यांनी माझे सातातले पाच खोडले.

उच्चारात आपल्याला काही गोष्टी फुकट मिळतात हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. रोमन लिपीत ‘ब’ लिहिलेला दिसतो तो खरा आपला ‘प’ आहे, आणि ‘प’ लिहिलेला ‘फ’ सारखा, ओठ मिटून हवा सोडायचा. तसंच त-थ, क-ख. इंग्रजीवाले यात महिने घालवतात, आपण पहिलीत शिकलोय. त्यांचा झेड म्हणजे आपल्या ‘चाक’ मधला च, ‘चहा’ मधला नाही. माझ्या वर्गातल्या दिल्लीच्या मैत्रिणीला तो च जमायला खूप जड गेला. आणि ऱ्हस्व अ, दीर्घ आ हा फरक तिथे पण आहे, अर्थ बदलतो. म्हणून मी रोमनच्या शेजारी देवनागरीत लिहायला लागले, च च्या खाली टिंब देऊन, आणि वेग वाढला. सूर मात्र सहा आहेत आणि तिथे देवनागरी मदत करत नाही, अक्षरावर १ ते ६ आकडे लिहायचेच. १९९३ साली हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने जी युत्पिंग पद्धत काढली तिच्यात हेच आकडे आहेत, ती शिकून घ्या, कोश बघताना लागतेच.

सुराची चूक कशी होते ते सांगते. ‘पान मून लुंग फू’ म्हणजे लू पानच्या दारात कुऱ्हाड परजणे. लू पान हा जुन्या काळचा थोर सुतार, त्याच्या दारात जाऊन कारागिरी दाखवणं म्हणजे जाणकारांपुढे आपलं थोडंसं दाखवणं, आणि हे नम्रपणे स्वतःबद्दलच म्हणायचं. यातला शेवटचा ‘फू’ दुसऱ्या सुरात, खालून वर चढणारा, मी तो तिसऱ्या सुरात सपाट म्हटला तर कुऱ्हाडीची पँट झाली. तीन आठवडे तेच होत होतं. शेवटी ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मी केनेडी टाउनला लू पानच्या देवळात गेले, १८८४ सालचं देऊळ आहे, बांधकामातल्या लोकांनी उभारलेलं, मेट्रोतून उतरून थोडं चढावं लागतं. आत शांत होतं, उदबत्तीचा वास. तिथे उभी राहून हळू आवाजात दहा-बारा वेळा म्हटलं. त्यानंतर तो सूर माझा चुकला नाही. ज्या शब्दाची जागा बघता येते ती बघून या, असं मी आता सगळ्यांना सांगते.

पण खरी मेख सुरात नाही, ती दोन उच्चारांची आहे. बऱ्याच अक्षरांना कँटोनीजमध्ये एक बोलीचा उच्चार असतो आणि एक पोथीतला. घाबरणे या अक्षराचा बोलीत ‘केंग’, रोज शंभरदा ऐकू येतं, पण सिंग-यूमध्ये तेच अक्षर ‘किंग’ होतं. ‘ताय किंग सिउ क्वाय’, राईचा पर्वत करणे. मासा हा शब्द ताटातला असेल तर चढत्या सुरात, पण ‘यू यू तक् सोय’, माशाला पाणी मिळाल्यासारखं, यात तो आपल्या मूळ खालच्या सुरात राहतो. माझी बाजारातली कँटोनीज इथे आडवी यायची, कारण जीभ सवयीने बोलीचाच उच्चार काढायची. यावर उपाय एकच मिळाला: सिंग-यू शब्द-शब्द जोडून पाठ करायचाच नाही, अख्खा एका दमात, कोणाच्या तरी आवाजात ऐकून पाठ करायचा. ऑडिओ शोधताना नीट बघा, नेटवरचे कितीतरी सिंग-यूचे व्हिडिओ मँडरिनमधले असतात, मी एक आख्खी संध्याकाळ चुकीच्या भाषेत पाठ केली. वर्ड्स डॉट एचके हा कँटोनीज कोश चांगला आहे, त्यात बोलीतली उदाहरणं मिळतात.

सरांनी एक वही करायला सांगितली होती, ती मात्र तुम्ही कराच. ऐकलेला प्रत्येक सिंग-यू, आणि पुढे तीन रकाने: कोण बोललं, कोणाला बोललं, कशाबद्दल. तीन महिन्यांत ३७ जमले. आणि त्यातून माझा मोठा गैरसमज गेला की सिंग-यू म्हणजे शिकलेल्या लोकांचंच काम. ‘मोक मिंग खेय मिउ’, म्हणजे काही उमजतच नाही असलं काहीतरी, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते भाजीवालीच्या तोंडून, होलसेलवाल्याने भाव वाढवला म्हणून ती चिडली होती. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ‘ची सॉंग माउ थोन’, स्वतःचंच म्हणणं खोडणं, मूळ गोष्ट भाला आणि ढाल विकणाऱ्याची. आणि जिथे बोलीतली मस्त म्हण आहे तिथे लोक ती वापरतात. दोघांचं एकमेकांना काही कळत नसेल तर ‘कय थुंग आप कोंग’, कोंबडी बदकाशी बोलतेय. बैलापुढे वीणा वाजवणारा ‘तोय ङउ थान खम’ पण आहे, आपलं गाढवापुढे वाचली गीता, पण त्यात समोरच्याला बैल म्हटलं जातं हे लक्षात ठेवा. काही तर आपल्याच घरातले वाटतात. ‘लम होत् क्वत् चेंग’ म्हणजे शब्दशः तहान लागल्यावर विहीर खणणे! मी वर्गात ओरडलेच. पण रोजच्या बोलण्यात माझ्या कानावर त्या जागी जास्त आलं ते ‘लम कप् फोउ फत् कॉक’, ऐनवेळी बुद्धाचे पाय धरणे. ‘यप् हॉंग छोय चुक्’ म्हणजे देश तसा वेश.

२६ नोव्हेंबरला हाँगकाँगमधल्या ताय पोच्या वांग फुक कोर्ट या वसाहतीला आग लागली, दीडशेहून जास्त माणसं गेली. २ डिसेंबरच्या वर्गात सरांनी ठरलेला धडा घेतला नाही. फळ्यावर चारच अक्षरं लिहिली, ‘चित् ऑय सोन पीन’. दुःख आवरा, जे बदललं त्याला जुळवून घ्या. मूळ ‘ली-जी’ या रीतीभातींच्या प्राचीन ग्रंथातलं. ते म्हणाले की हे घरच्या भाषेत सांगायला गेलात तर जीभ उचलत नाही, माणसांना अशा वेळी जुने शब्द लागतात कारण ते कोणा एकाचे नसतात. सगळ्यांनी ते एकेकदा म्हटलं. मला तेव्हा आईच्या वेळी आलेल्या लोकांचं “धीर धरा” आठवलं, तेच दोन शब्द सगळे बोलत होते आणि तेच बरं वाटत होतं.

जानेवारीत आमच्या बिल्डिंगच्या वॉचमन काकांची आई गेली. मी लिफ्टकडे जाता जाता थांबले आणि तेच म्हटलं, हळू, सूर सांभाळून. ते म्हणाले “यउ सम”, म्हणजे शब्दशः मन आहे तुम्हाला, अशा वेळी उत्तर द्यायची हीच रीत आहे. मग पाच मिनिटं आईबद्दल बोलले. दहा वर्षांत ते माझ्याशी कुरिअर आणि पाण्याच्या टाकीशिवाय काही बोलले नव्हते.

परीक्षा १३ डिसेंबरला, शनिवारी, २० मिनिटं. तीन मिनिटांचं तयार भाषण, मग एक रेकॉर्ड केलेली बातमी ऐकून आपल्या शब्दांत सांगायची, मग प्रश्न. भाषण ठीक गेलं. प्रश्नांमध्ये परीक्षक म्हणाले की तुमचे सूर स्वच्छ आहेत, त्यावर मी उत्तर दिलं “सउ छुंग यॉक केंग”, एवढी माया मिळाल्यावर दचकायला होतं अशा अर्थाचं. आणि बोलताक्षणी कळलं की किंग हवं होतं. रिझल्ट सहा आठवड्यांनी पोस्टाने आला, पास, औपचारिक बोलण्याच्या भागात ६२. सर्टिफिकेटची कॉपी हवी असेल तर वेगळा अर्ज आणि वेगळे पैसे, म्हणून आलं की लगेच स्कॅन करून ठेवा.

मग राहिलं भाषण. १७ फेब्रुवारीला घोड्याचं वर्ष सुरू झालं आणि जिकडेतिकडे घोड्याचे सिंग-यू, दारादारावर लाल कागदावर ‘मा तोउ कुंग सिंग’, घोडा पोचला की यश आलंच. हाँगकाँगमध्ये चार अक्षरांची सगळ्यात सोपी शाळा म्हणजे हे पंधरा दिवस, लहान पोरं सुद्धा पैशांच्या लाल पाकिटासाठी ‘सन थय किन होंग’ (तब्येत चांगली राहो), ‘सम सॉंग सी सिंग’ (मनातलं पूर्ण होवो) धडाधड म्हणतात, सुरुवात करायची असेल तर इथूनच करा, चुकलं तरी कोणी रागावत नाही.

मला वाटलं की ताईंसाठी ‘लोउ मा सिक् थोउ’ किती छान बसेल, म्हातारा घोडा वाट ओळखतो, वर्ष पण घोड्याचं. सरांना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं की अर्थ कौतुकाचा आहे, पण रिटायर होणाऱ्या बाईंना सगळ्यांसमोर माइकवरून ‘लोउ’, म्हातारं, म्हणायचं का ते तू ठरव. नाही म्हटलं. ‘छॉय युंग सत् मा’ पण काढला, सीमेवरच्या म्हाताऱ्याचा घोडा हरवतो ती गोष्ट, वाईट वाटलेलं पुढे चांगलं ठरू शकतं असा अर्थ, सुंदर पण नवीन वर्षाच्या जेवणात ‘हरवला’ हा शब्द नको. शेवटी दोनच ठेवले. सुरुवातीला ‘पान मून लुंग फू’, कारण हाँगकाँगच्या माणसांपुढे मी कँटोनीज बोलणार, ते खरंच होतं. आणि शेवटी ‘यम सोय सी यून’, पाणी पिताना उगम आठवावा, सहाव्या शतकातल्या यू शिन या कवीच्या ओळीवरून आलेलं. यातले पहिले दोन शब्द रोजच्या बोलण्यातले, पाणी पिणे, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते कुठून तरी चिकटवल्यासारखं वाटत नाही. त्याच्या आधीचं वाक्य मी पूर्ण बोलीत ठेवलं: पहिल्या दिवशी पँट्रीत ताईंनी मला ग्लास दाखवून ‘सोय’ म्हणायला शिकवलं होतं, मला या भाषेतला पहिला शब्द पाणी हाच मिळाला.

बोलताना गुडघे थरथरत होते. बारा जणांची गोल टेबलं, वाफाळता मासा येत होता, कोणी कोणी बोलत पण होतं. ‘सोय’ च्या गोष्टीला पुढची टेबलं शांत झाली. ‘सी यून’ म्हटलं तेव्हा मी ताईंकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढचं जमलं नसतं.

खाली आल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या “छिंग छोत् यू लाम”, निळा रंग निळीच्या झाडातूनच निघतो पण झाडाहून गडद होतो, शुन्झी या प्राचीन तत्त्वज्ञाच्या ग्रंथातलं, शिष्य गुरूच्या पुढे गेल्यावर म्हणतात. मी तेवढी पुढे गेलेली नाही, ते त्यांचं प्रेम. मी उत्तर दिलं “सउ छुंग यॉक किंग”. या वेळी किंग बरोबर आलं, पण ‘छुंग’ चा सूर खाली पडला. त्यांनी हात तसाच धरून हळूच तो परत म्हणून दाखवला, दुसऱ्या सुरात, वर चढणारा, आणि मी त्यांच्या मागून म्हटला.